‘कायझेन’च्या पलीकडचा जपान

टोकियो येथे ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस झालेल्या भारत-जपान शिखर बैठकीत दोन्ही देशांनी मनुष्यबळाच्या देवाणघेवाणीचा एक कृती आराखडा जाहीर केला. पाच वर्षांत दोन्ही बाजूंची मिळून पाच लाख माणसांची ये-जा व्हावी आणि त्यांपैकी ५०,००० कुशल व होतकरू भारतीयांनी जपानमध्ये जावे, असे उद्दिष्ट त्यात आहे. असे आकडे एक दिवस मथळ्यात झळकतात आणि मग फायलींत विसावतात, हा आपला नेहमीचा अनुभव. परंतु देहूरोड, तळेगाव, चाकण या पट्ट्यात हा आकडा सहजासहजी विसरला जाणार नाही. कारण या पट्ट्याला जपान नवा नाही. १९८० च्या दशकात आकुर्डीच्या कारखान्यातून ‘कावासाकी बजाज’ रस्त्यावर आली, तेव्हापासून येथील घराघरांत एक तरी जपानी नाव रुळलेले आहे. पुढे चाकणला ब्रिजस्टोनचे टायर बनू लागले, तळेगावला मित्सुबिशी इलेक्ट्रिक आली आणि या कंपन्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या लहान-मोठ्या कारखान्यांचे जाळे भोसरीपासून पसरत गेले. पुणे हे जपानी भाषेच्या अभ्यासाचे देशातील एक प्रमुख केंद्र मानले जाते, त्यामागे हा उद्योगधंदाही आहेच.

तरीही एक प्रश्न विचारावासा वाटतो. चार दशकांच्या या सहवासातून आपल्याला जपान कितपत समजला?

या पट्ट्यातील कोणत्याही मध्यम आकाराच्या कारखान्यात गेले, की भिंतीवर जपानी शब्दांची पाटी दिसते. कायझेन, म्हणजे सततची सुधारणा. गेम्बा, म्हणजे प्रत्यक्ष कामाची जागा. मुदा, म्हणजे वाया जाणारे श्रम व साहित्य. कानबान, पोका-योके, आणि ‘फाइव्ह एस’ची ती पाच सूत्रे: सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके. आयटीआय झालेला वीस वर्षांचा मुलगा हे शब्द अस्खलित म्हणतो. ऑडिटच्या दिवशी तर ते अधिकच अस्खलित होतात! पण हे शब्द आपल्याकडे आले ते उत्पादनवाढीची तंत्रे म्हणून, त्यांच्या घरादारापासून तोडून आणल्यासारखे. ज्या समाजात ते जन्मले, तेथे त्यांना काय अर्थ होता, याची चौकशी करण्याची गरज फारशी कुणाला भासली नाही.

‘पोका-योके’चेच उदाहरण घ्या. चूक होऊच शकणार नाही अशी रचना, असा त्याचा अर्थ आपण शिकवतो. या कल्पनेचे मूळ नाव ‘बाका-योके’ असे होते. ‘बाका’ म्हणजे मूर्ख. मूर्खाच्या हातूनही चुकू नये अशी योजना. १९६० च्या दशकाच्या आरंभी शिगेओ शिंगो हे अभियंते एका मोटारबांधणी कारखान्यात ही पद्धत राबवत असता, तेथील एक कामगार स्त्री रडू लागली. आपल्याला मूर्ख समजून हे उपकरण बसवले, असे तिला वाटले. शिंगो यांनी शब्द बदलला. ‘पोका’ म्हणजे अनवधानाने झालेली चूक. दोष माणसाच्या बुद्धीतून काढून त्या क्षणाच्या विस्मरणात ठेवला गेला. उपकरण तेच राहिले, पण त्याच्याकडे पाहण्याची दृष्टी पालटली. आमच्याकडे उपकरण आले. ती दृष्टी किती कारखान्यांत आली, हे कंत्राटी कामगाराला विचारावे.

पाचवे सूत्र ‘शित्सुके’. त्याचे भाषांतर आपण ‘स्वयंशिस्त’ असे करतो आणि ते कामगाराला ऐकवतो. जपानी घरात हा शब्द मुलाच्या संगोपनाचा आहे. बसावे कसे, जेवावे कसे, पाहुण्याला नमस्कार कसा करावा, हे ज्यातून अंगी मुरते ते शित्सुके. आपल्या ‘वळण’ या शब्दाशी त्याचे जवळचे नाते आहे. शिवणकामात कच्चा टाका घालतात, त्यालाही जपानीत हाच शब्द आहे. कापड नीट बसावे म्हणून घातलेला आणि पक्की शिवण झाल्यावर काढून टाकायचा टाका! वळण लावणे म्हणजे काय, हे याहून नेमके सांगता येणार नाही.

तिसरे सूत्र ‘सेइसो’ तर आपल्या समाजाच्या दुखऱ्या जागी बोट ठेवणारे आहे. आपली जागा आपण झाडायची, आपले यंत्र आपण पुसायचे. जपानमधील शाळांत मुले स्वतःचे वर्ग आणि पडव्या स्वतः झाडतात, दुपारचे जेवणही पाळीपाळीने एकमेकांना वाढतात. बारा-तेरा वर्षे हे केलेला माणूस कारखान्यात येतो, तेव्हा यंत्र पुसण्यात त्याला कमीपणा वाटत नाही. आपल्याकडे झाडू कुणाच्या हाती असावा, हे शतकानुशतके जन्मावरून ठरले. त्यामुळे ‘सेइसो’ची पाटी लागते आणि तिच्याखाली झाडण्यासाठी वेगळ्या कंत्राटातला माणूस येतो. जपान या बाबतीत अगदी निर्मळ आहे, असे मात्र कुणी समजू नये. कातडे कमावणे, जनावरे कापणे अशी कामे करणाऱ्यांना तेथेही बहिष्कृत मानले जात असे. १८७१ साली कायद्याने तो भेद संपवला, तरी विवाह आणि नोकरीच्या वेळी कूळ शोधण्याची रीत उरलीच. हा ‘बुराकु’ समाजाचा प्रश्न मिटला नाही म्हणून तर २०१६ मध्ये तेथे पुन्हा वेगळा कायदा करावा लागला. त्या समाजाने १९२२ साली समतेसाठी आपली देशव्यापी संघटना उभारली होती. महाडचा सत्याग्रह त्यानंतर पाच वर्षांनी झाला, ही गोष्ट आपल्या वाचकांनी ध्यानात ठेवावी.

येथेच देहूरोडचा संदर्भ निराळ्या अर्थाने येतो. रेल्वे स्थानक, छावणी आणि लष्करी डेपो यांच्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या या गावात २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बुद्धमूर्तीची स्वहस्ते स्थापना केली. नागपूरच्या धम्मदीक्षेला तेव्हा जवळजवळ दोन वर्षांचा अवकाश होता. मूर्ती रंगूनहून आणलेली होती. जागतिक बौद्ध परिषदेसाठी बाबासाहेब त्याच महिन्यात तेथे गेले होते. दरवर्षी २५ डिसेंबरला या धम्मभूमीवर हजारो लोक येतात. शेलारवाडीजवळ घोरावडेश्वराच्या टेकडीवर त्याहून कितीतरी जुनी बौद्ध लेणी आहेत. एकूण, बुद्ध या परिसराला परका नव्हता आणि तो परतही येथूनच आला.

जपानशी महाराष्ट्राचे बौद्ध नाते त्यापूर्वीही होते. निप्पोनझान म्योहोजी पंथाचे फुजी गुरुजी १९३३ साली वर्ध्याला गांधीजींना भेटले; त्यांच्या पंथाचे मंदिर वरळीला आहे. १९६० च्या दशकात भारतात आलेले भदंत सुरई ससाई नागपूरचेच होऊन गेले. अजिंठा-वेरूळच्या संवर्धनाला जपानी कर्जसाहाय्य मिळाले, तेही याच ओढीतून. परंतु देहूरोडच्या दृष्टीने सर्वांत बोलकी घटना सप्टेंबर २०१५ ची. कोयासान या जपानी तीर्थक्षेत्रातील विद्यापीठात त्या महिन्यात डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याचे अनावरण झाले आणि त्यासाठी महाराष्ट्राचे तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस तेथे गेले होते. बातमी छापली गेली, छायाचित्रेही आली. मात्र कोयासान म्हणजे काय, हे आपल्याकडे फारसे कुणी सांगितले नाही. सांगितले असते, तर देहू-आळंदीच्या माणसाला ते क्षणात उमगले असते.

वाकायामा प्रांतातील डोंगरमाथ्यावरचे हे मठांचे गाव कुकाई या आचार्यांनी नवव्या शतकाच्या आरंभी वसवले. जपानी लोक त्यांना आदराने कोबो दाइशी म्हणतात. श्रद्धा अशी, की इसवी सन ८३५ मध्ये कुकाईंनी देह ठेवला नाही. ते अखंड समाधीत बसले आणि आजही तसेच बसलेले आहेत. ओकुनोइन या स्मशानवनातील त्यांच्या समाधीपुढे रोज दोन वेळा ताजे अन्न नेले जाते. आळंदीला १२९६ साली ज्ञानदेवांनी घेतलेल्या संजीवन समाधीचा अर्थ ज्याला लहानपणापासून ठाऊक आहे, त्याला हे वेगळे समजावून सांगण्याची काय आवश्यकता? चाकणच्या कारखान्यातील जपानी अधिकारी आळंदीच्या फाट्यावरून रोज ये-जा करतात. त्यांना हे सांगणारा कुणी भेटला, तर दोन्हीकडच्या माणसांना बोलायला ‘टार्गेट’खेरीज दुसरा विषय मिळेल.

वारीचेही तसेच. शिकोकू बेटावर कुकाईंशी निगडित अठ्ठ्याऐंशी देवळांची यात्रा आहे, सुमारे १,२०० किलोमीटरची. यात्रेकरू पांढरा सदरा घालतात, डोक्यावर गवती टोपी आणि हाती काठी. त्या काठीलाच दाइशी मानतात. मुक्कामाला पोहोचल्यावर स्वतःचे पाय धुण्याआधी काठीचे टोक धुण्याची रीत आहे. टोपीवर लिहिलेले असते, ‘सहप्रवासी दोघे’, म्हणजे मी आणि दाइशी. वाटेवरच्या गावांतील लोक यात्रेकरूंना फळे, चहा, भाताचे गोळे, कधी पैसेही देतात. त्याला ‘ओसेत्ताइ’ म्हणतात आणि ते नाकारू नये असा संकेत आहे. यात्रा पूर्ण झाली की कोयासानला जाऊन ती दाइशींच्या चरणी रुजू करायची. देहूहून पंढरपूरला निघालेल्या पालखीच्या वाटेवर पिठले-भाकरीच्या पंगती उठवणाऱ्या गावकऱ्याला ‘ओसेत्ताइ’चा तर्जुमा करून देण्याची गरज नाही. फरक एवढाच, की शिकोकूचा यात्रेकरू बहुधा एकटा किंवा दोघे-चौघे मिळून आणि बराचसा मुकाट्याने चालतो. आपली वारी म्हणजे दिंडी, टाळ आणि गजर.

आता जेवणाकडे वळू. कारण परदेशी माणसाची खरी परीक्षा ताटावरच होते. जपानी जेवण म्हणजे कच्चा मासा, ही आपली ठाम समजूत. वस्तुतः ज्या ‘वाशोकु’ला, म्हणजे जपानी आहारपरंपरेला, युनेस्कोने डिसेंबर २०१३ मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले, तिचा पाया भात, एक पातळ पदार्थ आणि तीन तोंडीलावणी असा आहे. भात डाव्या हाताला, सूप उजव्या हाताला. मराठी पानाला डावी आणि उजवी बाजू असते, मीठ कुठे आणि कोशिंबीर कुठे याचे नियम असतात, हे ज्याच्या आजीने शिकवले आहे त्याला या मांडणीचे अप्रूप वाटेल, परकेपणा वाटणार नाही. भातही आपल्या ओळखीचा. जपानी तांदूळ आखूड, शिजल्यावर चिकट. बासमतीची सवय झालेल्या दिल्लीकराला तो गिचका वाटतो. मावळात मात्र वडगावच्या भात संशोधन केंद्राने विकसित केलेला इंद्रायणी घरोघरी शिजतो आणि त्याचा गोळा हाताला जसा लागतो, तसाच तो लागतो. लाल अझुकी घेवड्याचे गोड पुरण आणि तांदळाच्या उकडीची पारी यांपासून तेथे किती प्रकारची मिठाई होते, हे पाहिले की श्रावण-भाद्रपदातील आपली स्वयंपाकघरे आठवतात.

गणपतीच जपानमध्ये आहे, मग मोदक का नसावा? शिंगोन या कुकाईंच्या पंथाबरोबर तो ‘कांगितेन’ म्हणून तेथे पोहोचला. त्याची मूर्ती बहुधा बंद देव्हाऱ्यात ठेवतात, दर्शन कुणालाही होत नाही. टोकियोच्या आसाकुसा भागातील त्याच्या मंदिरात भक्त मुळा वाहतात. क्योतोमध्ये ‘कांगिदान’ नावाची, चुण्या पाडून वर गाठ वळलेली तळणीची मिठाई मिळते. ती पाहून कुणीही मराठी माणूस तिला तळलेला मोदकच म्हणेल.

आणखी एक गंमत सांगण्याचा मोह आवरत नाही. पोर्तुगीजांनी आपल्याला ‘पाव’ हा शब्द दिला, त्याच शतकात त्यांनी तो जपानलाही दिला; तेथे तो ‘पान’ झाला. आपल्या ‘साबणा’चा भाऊ तेथे ‘शाबोन’ म्हणून नांदतो. ज्या ‘तेम्पुरा’ला आपण जपानी भजी म्हणून नावाजतो, त्या तळणीचे मूळही पोर्तुगीजच. आणि देहूरोडच्या कोणत्याही चायनीजच्या गाडीवर जी पांढरी चिमूट पडते ते ‘अजिनोमोटो’ चिनी नव्हे, जपानी. १९०८ साली किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञाने कोंबू नावाच्या समुद्री शेवाळाच्या काढ्यातून त्या चवीचा उगम शोधला आणि पुढल्याच वर्षी ती पूड बाजारात आली. म्हणजे सुशी येण्याच्या कितीतरी आधी जपानी चव आपल्या गाड्यांवर येऊन बसली होती!

परंतु माळकरी घरातील मुलगा किंवा मुलगी जपानला जाणार असेल, तर गंमत बाजूला ठेवून काही गोष्टी स्पष्ट सांगायला हव्यात. जपानमध्ये ‘मांस नको’ म्हटले म्हणजे मासे नकोत असे कुणी समजत नाही. इसवी सन ६७५ मध्ये सम्राट तेम्मू यांनी गाय, घोडा, कुत्रा, माकड व कोंबडी खाण्यावर बंधन घातले. तेव्हापासून एकोणिसाव्या शतकापर्यंत, कमी-अधिक कडकपणे, प्राण्यांचे मांस हे लपूनछपून खाण्याचे अन्न होते. १८७२ साली सम्राट मेइजी यांनी गोमांस खाल्ल्याचे जाहीर झाले आणि पाश्चात्त्य अनुकरणाच्या लाटेत ते बंधन गळून पडले. या बाराशे वर्षांत मासा मात्र कधीच निषिद्ध नव्हता. म्हणून मिसो सूप, नूडल्सचा रस, उकडलेली पालेभाजी, अंड्याची गोडसर पोळी या सर्वांच्या तळाशी ‘दाशी’ नावाचा जो काढा असतो, तो बहुधा वाळवून व धुरी देऊन लाकडासारख्या कठीण केलेल्या माशाच्या किसाचा असतो. ताटात मासा दिसत नाही, चवीत असतो. कोकणात सुकटीचा वास ज्याला कळतो त्याला तो लगेच कळेल, माळकऱ्याला कळणार नाही. वाढणाऱ्याने फसवले असेही नाही; त्याच्या लेखी ती भाजीच आहे.

यावर उपाय जपानच्याच परंपरेत आहे आणि तो पुन्हा कोयासानला नेतो. ‘शोजिन र्योरी’ हे मठांतील जेवण. मांस नाही, मासे नाहीत, अंडी नाहीत. लसूण, कांदा आणि त्यांच्या जातीची उग्र भाजीही वर्ज्य. दाशी करायची ती कोंबू शेवाळाची किंवा वाळवलेल्या शिताके अळंबीची. तिळाचे मऊ ‘गोमा-दोफू’ आणि डोंगरावरच्या थंडीत गोठवून वाळवलेले ‘कोया-दोफू’ ही कोयासानची ख्याती. आषाढात कांदेनवमी साजरी करून चार महिने कांदा-लसूण बंद करणाऱ्या घराला हे जेवण जपानी भाषेतला चातुर्मासच वाटेल. परदेशी उपाहारगृहात ‘मी शाकाहारी आहे’ हे इंग्रजीत समजावत बसण्यापेक्षा ‘शोजिन’ हा एक शब्द पुष्कळदा अधिक काम करतो. कारण त्यामागे त्यांच्या स्वतःच्या धर्माचे वजन आहे.

रीतिरिवाजांचे पाठ तर आपल्याला निम्मे येतातच. पादत्राणे उंबऱ्याबाहेर. जेवणापूर्वी हात जोडून ‘इतादाकिमास’. घरातील ‘बुत्सुदान’ या देव्हाऱ्यात पितरांना पहिला भात. ऑगस्टमध्ये ‘ओबोन’ला पूर्वज घरी येतात म्हणून त्यांच्या वाहनासाठी काकडीचा घोडा आणि वांग्याचा बैल, आपल्या पितृपक्षाशी त्याचे साम्य सांगायला नको. लग्नात आहेराची रक्कम तेथेही विषम, दोन समान भागांत न मोडणारी. नोटा कोऱ्या करकरीत. चारचा आकडा टाळायचा, कारण त्याचा एक उच्चार ‘शि’ आणि ‘शि’ म्हणजे मृत्यू. भातात काड्या उभ्या खोचून ठेवू नयेत, कारण मृताच्या उशाशी भात तसा ठेवतात. एकाने आपल्या काड्यांनी दुसऱ्याच्या काड्यांत घास देऊ नये, कारण दहनानंतर अस्थी तशा उचलतात. पिंडाचा भात आणि पानातला भात यांतला फरक जपणाऱ्या समाजाला हे एकदा सांगितले की पुरे.

उरलेले निम्मे मात्र मुद्दाम शिकावे लागते. स्नानाचेच पाहा. जपानी न्हाणीघरात साबण लावून अंग स्वच्छ धुवायचे ते टबाबाहेर. मग गरम पाण्यात नुसते बसायचे. त्याच पाण्यात पाठोपाठ सारे घर बसते. टबात साबण नेणारा परदेशी पाहुणा यजमानाला अवघडून टाकतो आणि यजमान तसे बोलूनही दाखवत नाही.

हे न बोलणे सर्वांत कठीण. ‘हाइ’ म्हणजे ‘हो’ असे पहिल्या धड्यात शिकवतात. व्यवहारात पुष्कळदा त्याचा अर्थ ‘तुमचे ऐकले’ एवढाच असतो. ‘केन्तो शिमास’, म्हणजे ‘विचार करू’, हे ऐकून भोसरीचा पुरवठादार ऑर्डर खिशात पडल्याच्या आनंदात परततो. खरे तर मराठी माणसाला हे कळायला हवे. मुलीच्या स्थळासाठी गेलेल्या बापाला ‘बघू, कळवतो’ म्हणतात, तेव्हा तो पेढे वाटत नाही! उलट बाजूने, आपली एक सवय जपानी सहकाऱ्यांना बुचकळ्यात पाडते. वाईट बातमी आपण शेवटपर्यंत दाबून ठेवतो, साहेबांना सांगायला नको म्हणून. जपानी कार्यालयात नवख्याला पहिल्या आठवड्यात ‘होरेन्सो’ शिकवतात: अहवाल, संपर्क, सल्लामसलत या तीन शब्दांची आद्याक्षरे. त्याच उच्चाराचा दुसरा अर्थ पालक, आपली पालेभाजी; लक्षात राहावे म्हणून केलेला हा विनोद. चूक झाली याचा राग कमी येतो, चूक लपवली याचा अधिक. माल उशिरा निघणार हे तीन दिवस आधी कळवणारा पुरवठादार टिकतो. आदल्या रात्रीपर्यंत ‘होऊन जाईल’ म्हणणारा टिकत नाही.

या सर्वांचा संबंध त्या ५०,००० च्या आकड्याशी आहे. जपानमध्ये आज दर दहा माणसांत जवळजवळ तीन जण पासष्टी ओलांडलेले आहेत. हात कमी पडतात म्हणून एप्रिल २०१९ पासून ‘तोकुतेइ गिनो’, म्हणजे विशिष्ट कौशल्यधारक कामगारांसाठी वेगळा निवासपरवाना सुरू झाला. भारताशी त्याबाबतचा करार जानेवारी २०२१ मध्ये झाला. २०२४ पासूनच्या पाच वर्षांसाठी या वर्गाची मर्यादा जपानने ८,२०,००० पर्यंत वाढवली आणि क्षेत्रे बारावरून सोळावर नेली. त्यांतील एक मोठे क्षेत्र आहे वृद्धांची शुश्रूषा. परीक्षा भाषेची आणि कौशल्याची. पुण्यात जपानी शिकण्याची सोय आहे आणि मराठी मुलांना ती भाषा तुलनेने सोपीही जाते: क्रियापद शेवटी, शब्दांमागे प्रत्यय आणि ‘आ, का, सा, ता, ना’ या वर्णक्रमावर तर संस्कृत वर्णमालेचा ठसा आहे. अडचण आहे ती वेगळी. जे वर्ग केवळ प्रमाणपत्रासाठी चालतात, त्यांत प्रश्नसंच सोडवून घेतले जातात, घर आणि ताट वगळले जाते. असे प्रमाणपत्र घेऊन गेलेली मुलगी ओसाकाच्या वृद्धाश्रमात पहिल्या दिवशी काय पाहील? एखाद्या आजोबांना आंघोळ घालायची आहे, आजींना जेवू घालायचे आहे आणि दोघेही ‘नको’ असे सरळ म्हणत नाहीत.

कर्जाचीही गोष्ट आहे. जुनी ‘तांत्रिक प्रशिक्षणार्थी’ योजना जपानला मोडीत काढावी लागली, त्याचे एक कारण हेच होते, की इतर आशियाई देशांतून आलेले अनेक जण दलालांचे देणे डोक्यावर घेऊन येत आणि मालक बदलण्याची मुभा नसल्याने अडकून पडत. तिच्या जागी येणाऱ्या नव्या व्यवस्थेचा कायदा जून २०२४ मध्ये संमत झाला असून ती २०२७ पासून लागू व्हायची आहे. तीत ठरावीक अटींवर मालक बदलता येईल. आपल्याकडील नियमांनुसार नोंदणीकृत भरती संस्थेला ३०,००० रुपये व त्यावरील कर याहून अधिक सेवाशुल्क उमेदवाराकडून घेता येत नाही. ही एक ओळ या पट्ट्यातल्या प्रत्येक आयटीआयच्या फळ्यावर मराठीत लिहिलेली असावी. शासनाने मेळावे जरूर भरवावेत. पण देहूरोडला किंवा तळेगावला एक तरी असा अभ्यासक्रम चालवावा, ज्यात व्याकरणाबरोबर स्वयंपाक, स्नान, देव्हारा आणि मौन यांचेही तास असतील. शिकवायला परतून आलेली माणसे मिळतील आणि चाकणमधील जपानी कुटुंबांतूनही कुणी हौसेने येईल.

त्या अभ्यासक्रमाचा पहिला तास भातावर घेता येईल. जपानी शुश्रूषेत ‘गोएन’ या शब्दाची फार धास्ती असते. घास अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत जाणे. नववर्षाला चिकट ‘मोची’ घशात अडकून दरवर्षी वृद्ध दगावतात आणि टोकियोचे अग्निशमन दल दरवर्षी तशी सूचना काढते. म्हणून वृद्धांचे अन्न बारीक चिरायचे, पातळ पदार्थाला दाटपणा आणायचा, मान किंचित पुढे झुकवून लहान घास द्यायचा, गिळल्याची खात्री झाल्यावर दुसरा. सर्वांत अधिक चालतो तो ‘ओकायु’, म्हणजे भरपूर पाण्यात शिजवलेला मऊ भात, वर मिठात मुरवलेल्या ‘उमेबोशी’ या आंबट फळाचा तुकडा. मावळात आजारी माणसाला इंद्रायणीचा मऊ भात, वर मेतकूट आणि लिंबाच्या लोणच्याची फोड देतात.